चौदा संकल्प आणि वावरातली फरदड

प्रश्न थोडक्यात असा. धरणगाव तालुक्यातले 34 वर्षांचे एक भाऊ लिहितात: बीएस्सी झाल्यावर सहा वर्षं पुण्यात राहून एमपीएससीचा अभ्यास केला. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो, पुढे यादीत नाव आलं नाही. आता गावी आहे, कापसाच्या जिनिंगमध्ये (सरकी काढायच्या कारखान्यात) वजनकाट्यावर पावत्या करतो, पगार 14 हजार. पाच एकर कपाशी वडील बघतात. बायको शिवणकाम करते, मुलगी चार वर्षांची. रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल, दिवसाला तंबाखूच्या पाच पुड्या. दीड लाखाचं हातउसनं, दोन टक्के महिन्याने. दर 1 जानेवारीला आणि पाडव्याला डायरीत संकल्प लिहितो. यंदा चौदा लिहिले, दहा दिवसांत एकही उरला नाही. आयुष्य बदलायचंय, पण सुरुवात कुठून करू आणि पुढचं ध्येय काय ठेवू?

भाऊ, उत्तराची सुरुवात तुमच्या चौदा संकल्पांपासून करत नाही. पत्राच्या शेवटाकडे एक ओळ तुम्ही घाईघाईने लिहून पुढे निघून गेलात: ‘कधी कधी वाटतं, मी नसतो तर घरच्यांचं बरं झालं असतं.’ मी तिथेच थांबले. जळगावात समुपदेशनाचं काम करताना मला 22 वर्षं झाली. त्यातली सुरुवातीची नऊ वर्षं व्यसनमुक्तीत गेली. अशी ओळ कुणी लिहिली की मी थेट विचारते, तसंच तुम्हालाही विचारते: जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, कधी, असाही विचार येतो का? उत्तर ‘हो’ असेल तर बाकीचं उत्तर वाचायचं बाजूला ठेवा, आधी बायकोला किंवा भरवशाच्या माणसाला शेजारी बसवा आणि 14416 ला फोन लावा. ही टेली-मानसची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. वावरावर फवारणीची औषधं घरात ठेवली असतील तर काही दिवस ती वडिलांकडे किंवा शेजारी कुलपात ठेवायला सांगा. यात लाजण्यासारखं काहीही नाही.

आणि उत्तर ‘नाही, नुसतं वाटतं’ असं असेल, तरी गेले दोन आठवडे रोज उदास वाटतंय का, कशात गोडी वाटेनाशी झालीय का, झोप आणि भूक बिघडलीय का, हे स्वतःला विचारा. तसं असेल तर जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात एकदा दाखवून या. नैराश्य आलेल्या माणसाला संकल्पांची यादी देणं म्हणजे ताप असलेल्याला पळायला लावणं. आधी ताप उतरायला हवा. औषध लागलं तर घ्यायचं, नाही लागलं तर उत्तमच.

आता यादीकडे येते. ती तुम्ही जशीच्या तशी उतरवून पाठवलीत, त्याबद्दल आभार मानते. पोस्ट काढणे, म्हणजे एमपीएससीतून नोकरी मिळवणे. पहाटे चारला उठणे. दहा किलो वजन कमी. तंबाखू कायमची बंद. इंग्रजी बोलणे. शेअर मार्केट शिकणे. ठिबक करणे. घराचा वरचा मजला. म्हशी. सगळं कर्ज फेडणे. अकराव्या क्रमांकावर, ‘मुलीला रोज एक गोष्ट सांगणे’. मग योगा, मग डायरी लिहिणे, आणि शेवटी ‘राग सोडणे’.

ही यादी एका माणसाच्या ताकदीच्या बाहेरची आहे. तुमच्यात जिद्द कमी आहे असं तुम्ही तीन ठिकाणी लिहिलंय. मला ते मान्य नाही. सहा वर्षं दहा बाय दहाच्या खोलीत चौघांत राहून अभ्यास करणाऱ्याकडे जिद्द कमी नसते. साक्री-धुळ्याकडे पांझरा नदीवर जुनी फड पद्धत आहे. बंधाऱ्याचं पाणी पाटाने आणायचं, जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडायचे, आणि कोणत्या फडाला यंदा पाणी द्यायचं हे गावाने मिळून ठरवायचं. सगळ्या फडांना सारखं थोडं थोडं दिलं तर सगळीच पिकं वाळतील, हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं. दिवसभर काट्यावर उभं राहून आलेल्या माणसाकडे संध्याकाळी किती पाणी उरतं? एका फडाला पुरेल एवढंच.

पण एक फड निवडण्याआधी दुसरं काम आहे, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत तेच सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही कपाशीवाले आहात, फरदड म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. वेचणी संपली, तरी माणूस डिसेंबरनंतर वावर मोकळं करत नाही. एक पाणी देऊ, थोडं खत टाकू, अजून दोन-चार क्विंटल निघेल. निघतो तो कवडी, म्हणजे हलका, किडका कापूस. आणि उभ्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडांवर, गुलाबी बोंडअळीला खायला मिळत राहतं, तिचं चक्र तुटत नाही, पुढच्या हंगामालाही ती तयारच असते. म्हणून कृषी खातं दरवर्षी ओरडून सांगतं, फरदड घेऊ नका.

मागे धरणगावाकडूनच येताना एका वावराच्या बांधावर थांबले होते. एक म्हातारेबाबा चिमट्याने पऱ्हाटी उपटत होते. एका झाडाला तीन-चार हिरवी बोंडं होती, एक अर्धवट उमललेलं. बाबांनी ते बोंड हातात घेतलं, अंगठ्याने जरा उघडून बघितलं, परत सोडून दिलं आणि झाड मुळासकट ओढलं. मी म्हटलं, बाबा, यावर तर अजून माल आहे. ते म्हणाले, ‘शे ना माय.’ आहे ना, माय. एवढंच बोलले आणि पुढच्या झाडाला चिमटा लावला. माल होता हे त्यांना दिसत होतं. तरी उपटलं.

तुमची फरदड म्हणजे एमपीएससी आहे असं मी म्हणत नाही. ते मला माहीत नाही आणि ठरवायचा हक्कही माझा नाही. मी एवढंच म्हणते की तो प्रश्न तुम्ही उघडा ठेवलाय आणि त्या उघडेपणाची अळी बाकी सगळ्याला लागतेय. काट्यावरचं काम मन लावून करत नाही, कारण ‘पोस्ट निघाली की सोडायचंच आहे’. शेतीत लक्ष घालत नाही, तेही त्याच कारणाने. आणि अभ्यासही करत नाही. पुस्तकांची पेटी खाटेखाली आहे, ती दोन वर्षांत उघडली नाही, हे तुम्हीच लिहिलंय.

राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी 38 वर्षांपर्यंत वय चालतं, राखीवला त्याहून जास्त, म्हणजे कागदावर वेळ आहे. म्हणून निर्णय भावनेवर नको, कागदावर घ्या. शेवटच्या तीन प्रयत्नांचे गुण आणि त्या त्या वर्षीचा कट-ऑफ शेजारी शेजारी लिहा. अंतर दरवर्षी कमी होत होतं का, तिथेच घोटाळत होतं, का वाढत होतं? मग दुसरा आकडा: आजच्या घरी, आजच्या नोकरीत, रोज किती तास अभ्यास खरोखर होईल? ‘करीन’ म्हणून लिहू नका, गेल्या महिन्यात जेवढा वेळ खरंच मोकळा होता तेवढाच लिहा. अंतर कमी होत असेल आणि रोजचे चार तास निघत असतील, तर एक शेवटचा प्रयत्न, तारखेसह, बायकोला सांगून. नसेल, तर पेटी बाहेर काढा आणि पुस्तकं गावातल्या तयारी करणाऱ्या पोरांना देऊन टाका.

आणि तसं झालं तर त्या दिवशी दुःख होईल. होऊ द्या. सहा वर्षांच्या स्वप्नाचं सुतक असतं, ते पाळायला लोक वेळ देत नाहीत. पुण्याहून परत आलेल्या पोराला ‘आते काय व्हस?’, आता काय, असं सगळे विचारतात, ‘वाईट वाटलं का रे?’ असं कुणी विचारत नाही. माझ्याकडे अशी मुलं येतात, पहिली भेट निव्वळ रडण्यात जाते, आणि मी ती भेट कधीच वाया गेली असं धरत नाही.

आता बदलाचं. पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही. खिशात एक छोटी वही ठेवा आणि तंबाखू मळली की वेळ, जागा आणि त्याआधी काय झालं ते लिहा. रात्री मोबाईल हातात कधी घेतला, खाली कधी ठेवला, तेही. सोडायचा प्रयत्न करू नका, फक्त लिहा. बहुतेकांना या सात दिवसांत जे दिसतं ते आधी माहीतच नसतं. एका ताईंना वाटायचं की आपण दिवसभर चिडतो. वहीत निघालं की चिडचिड फक्त संध्याकाळी साडेसहा ते साडेसातमध्ये होते, पाणी येण्याच्या वेळी. तुमच्या वहीत काय निघेल ते मला आत्ताच सांगता येणार नाही, पण पत्रावरून माझा अंदाज असा आहे: रात्री एकपर्यंत मोबाईल, म्हणून सकाळी अंग जड, म्हणून आठ वाजता पहिली पुडी, दुपारी ट्रॅक्टरची रांग लागली की दोन, आणि संध्याकाळी घरी जाताना मन उदास म्हणून आणखी एक. असं असेल तर साखळीची पहिली कडी रात्रीची आहे. ती धरा.

म्हणून माझं मत: चौदातला अकरावा संकल्प पहिला घ्या. मुलीची गोष्ट. तुम्ही तो वजन आणि शेअर मार्केटच्या खाली लिहिलात, कारण तो छोटा वाटला. तो एकटाच असा आहे की ज्याला पैसा लागत नाही, कुणाची निवड यादी लागत नाही, आणि ज्याची वाट बघणारं माणूस घरात आहे. आणि गोष्ट सांगायची तर मोबाईल हातात ठेवता येत नाही.

तो असा ठरवा: ‘जेवणाचं ताट उचललं की मी मोबाईल ओट्यावरच्या कोनाड्यात चार्जिंगला लावेन आणि मुलीजवळ जाऊन बसेन.’ वाक्याचा घाट नीट बघा. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात दाखवून दिलं की ‘मी अमुक करेन’ एवढं ठरवण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी अमुक करेन’ असं ठरवणाऱ्यांकडून काम जास्त वेळा होतं. ताट उचललं जातंच, ते विसरता येत नाही. त्या खुणेला काम बांधून टाकायचं. पहाटेच्या गजरासाठी मोबाईल लागतो असं मन सांगेल. बाजारातून एक साधं गजराचं घड्याळ आणा.

किती दिवस? 21 दिवसांत सवय लागते असं सगळीकडे ऐकू येतं. त्यावर विसंबू नका. बाविसाव्या दिवशी जड गेलं की माणूस स्वतःलाच दोष देतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयी बारा आठवडे पाहिल्या. तो अभ्यास 2010 साली छापून आला. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा 66 दिवसांचा निघाला, कुणाला 18 पुरले, कुणासाठी हिशोब 254 पर्यंत गेला. त्यातली मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे: एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. तुमची यादी दरवर्षी मोडते ती चुकलेल्या दिवसामुळे मोडत नाही, दुसऱ्या दिवशी ‘गेलंच आता’ म्हणून वही मिटल्यामुळे मोडते. लग्नकार्य असेल, रात्रपाळी लागेल, गोष्ट चुकेल. दुसऱ्या रात्री ताट उचललं की पुन्हा कोनाडा.

तंबाखू तीन आठवड्यांनी हातात घ्या, झोप जरा सुधारल्यावर. एक तारीख ठरवा, शक्यतो सुट्टीला जोडून. पहिले तीन दिवस सर्वांत अवघड जातात: डोकं दुखतं, चिडचिड होते, हात खिशाकडे जातो. हा त्रास साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. तलफ लाटेसारखी येते आणि काही मिनिटांत उतरते, तेवढी मिनिटं काढायची: पाणी, बडीशेप, काट्याभोवती एक चक्कर. पाच पुड्या म्हणजे सवय जुनी आहे, म्हणून डॉक्टरांना विचारून निकोटीनची गोळी किंवा च्युइंगम घ्यायला अजिबात संकोच करू नका. 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशकही मिळतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, तर तारखेची वाट न बघता आधी दंतवैद्यांना दाखवा.

तंबाखूचा आकडा एकदा मांडून बघा. दहा रुपयांची पुडी, दिवसाला पाच, महिन्याला 1500. तुमच्या हातउसन्याचं व्याज महिन्याला 3000. आज तुम्ही फक्त व्याज देताय, मुद्दल तिथेच बसलंय. तेच 1500 त्यात घालून दरमहा 4500 दिले, तर वर्षाअखेर मुद्दल साधारण 20 हजारांनी खाली येतं. देणारा मुद्दलाचे हप्ते घेतो का, ते आधी स्पष्ट बोलून घ्या आणि प्रत्येक वेळी लिहून घ्या. सोसायटीचं पीककर्ज मात्र मुदतीतच भरा. मुदतीत भरलं तर व्याजाची सवलत मिळते, थकलं की ती जाते. हातउसनं फेडायला पीककर्ज थकवणं, हा मी बघितलेला सर्वांत महागडा शहाणपणा आहे. ‘सगळं कर्ज फेडणे’ हे डायरीतलं वाक्य तुम्हाला रात्री झोपू देत नाही. ‘दर महिन्याच्या सात तारखेला 4500’ हे वाक्य झोपू देईल.

आता पुढच्या ध्येयाचं. तुम्ही लिहिलंय की काट्यावर आलेले शेतकरी पीकविम्याचे, ई-पीक पाहणीचे, फार्मर आयडीचे प्रश्न तुम्हालाच विचारतात आणि तुम्ही रांग सांभाळून त्यांना मोबाईलवर करून देता. हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मला त्यात काहीतरी दिसलं. शासन निर्णय वाचून त्याचा अर्थ साध्या भाषेत सांगणारा माणूस तालुक्यात सहज मिळत नाही. सहा वर्षांचा अभ्यास गेला कुठे असं विचारता ना, तो इथे आहे. यातून पुढे सेवा केंद्र काढता येईल, शेतकरी उत्पादक कंपनीत काम मिळेल, किंवा आणखी काही. पण आज दुकान भाड्याने घेऊ नका, संगणकासाठी कर्ज तर मुळीच काढू नका. आधी चार रविवार, दोन-दोन तास, गावातल्या पारावर बसा. किती लोक येतात, काय विचारतात, त्यासाठी रास्त पैसे द्यायला तयार आहेत का, आणि तुमचं मन त्यात रमतं का, ते वहीत लिहा. जमलं नाही तर आठ तास गेले, सहा वर्षं नव्हे.

आणि ध्येयाचं वर्ष 1 जानेवारीपासून धरू नका. जानेवारीत तुमच्या जिनिंगचा हंगाम भरात असतो, जेवायला वेळ मिळत नाही, तेव्हा नवं काही सुरू करायचं बळ कुठून आणणार? आपल्या खान्देशात वर्ष आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून मोजायची रीत आहे. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, आखाजीला ठरतो, पुढच्या आखाजीपर्यंत. वावरं मोकळी असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, निंबाला झोके बांधलेले असतात, आणि पाऊस यायला अजून महिना-दीड महिना असतो. जिनिंगही तोवर थंडावतं. आत्तापासून आखाजीपर्यंत जेवढे दिवस आहेत त्यात मोबाईलचा कोनाडा आणि तंबाखू, एवढंच. आखाजीला बसा आणि सालाचं बोलणं करा, स्वतःशी. सालदाराशी बोलताना कुणी ‘चांगलं काम कर’ एवढ्यावर सोडत नाही. कामं कोणती, पैसा किती, धान्य किती, कपडे किती, सुट्ट्या किती, सगळं ठरतं, आणि चार माणसांसमोर ठरतं. तसंच लिहा: काय करणार, केव्हा, आणि त्या बदल्यात स्वतःला आणि घराला काय देणार. सुट्ट्याही लिहा, त्या विसरू नका.

हे बोलणं बायकोला शेजारी बसवून करा. तुमच्या चार पानी पत्रात त्यांचा उल्लेख एका ओळीत आहे. शिवणकामाचे महिन्याला किती येतात, त्यांना मशीनला मोटर लावायची आहे का, पुण्याची ती वर्षं त्यांनी कशी काढली, हे तुम्हाला माहीत आहे का? मला वाटतं, तुमच्या घरातला अर्धा आराखडा त्यांच्या डोक्यात तयार आहे, कुणी विचारलेलं नाही.

वडिलांशी शेतीचं बोलणं मात्र मी सध्या करू नका म्हणेन. ठिबक, म्हशी, वरचा मजला, हे विषय या वर्षाच्या आखाजीलाही नकोत. तुमच्या आणि त्यांच्या मधे जे साचलंय त्याला वेगळं पत्र लागेल, ते नंतर लिहा, मी उत्तर देईन.

आज शनिवार आहे. उद्या बाजारातून वही आणि घड्याळ आणा. सोमवारपासून सात दिवस फक्त नोंदी. वहीची पहिली पानं मला पाठवायची असतील तर पाठवा, अक्षर कसंही असलं तरी चालेल. आणि मुलीला पहिली गोष्ट कोणती सांगितली, तेही कळवा.